फुकटचा सोलर टेक्निशियन कोर्स: नक्की करा, पण दुरुस्ती शिकायला करा

आधी मार्क सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढंच वाचायचंय ते सुटतील. वर्कशॉप आणि शिकवणारे सर, पाचपैकी पाच. थिअरी तीन. सेफ्टीचं सामान दोन. प्लेसमेंट एक, आणि तोही मेसेज केला तर निदान उत्तर तरी देतात म्हणून. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हे सगळं त्यांच्या एकट्यांचं नाही, अशाच वेगवेगळ्या कोर्समधून बाहेर पडलेल्या ज्यांच्याज्यांच्याशी बोलले त्यांचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने हेच निघालं. पुढच्या बॅचला बसणाऱ्यांना काय विचारून घ्यायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

कोर्स कसला तर, जिथे शाळा अर्धवट सुटलेली, हातावर पोट असलेली माणसं जास्त, अशा वस्त्यांमधल्या लोकांना फी न घेता ट्रेनिंग द्यायचं आणि सोलरच्या कामाला लावायचं. ही कल्पना काही नवीन नाही, जगभर चालू आहे. अमेरिकेत ओकलंडची ग्रिड अल्टरनेटिव्ह्ज नावाची संस्था आहे, २००१ ची, ती कमी उत्पन्नाच्या घरांवर सोलर बसवते आणि ते बसवतानाच लोकांना शिकवते, म्हणजे शिकायचं छप्पर खोटं नसतं, त्याच्याखाली खरोखर कुणीतरी राहत असतं. राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे, बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेलं, तिथे वीज न पोचलेल्या गावांतल्या बायका, त्यातही बऱ्याच आज्या, सहा महिने राहून सोलर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात, भाषा एकमेकींना कळत नाही, लिहिता वाचता येत नाही, तरी रंगांवरून आणि खाणाखुणांनी शिकतात. भारत सरकारचा सोलर टेक्निशियन घडवायचा सूर्यमित्र कार्यक्रम २०१५ चा. तर हे तीन वेगळे नमुने डोक्यात ठेवा, कारण पुढे त्यांच्याशीच तुलना करणार आहे. आमचा कोर्स या तिघांच्या मधे कुठेतरी येतो, आणि जिथे कमी पडतो ते यातल्या कुणी ना कुणी आधीच सोडवून ठेवलंय, याचाच जास्त राग येतो.

चांगलं आधी. वर्कशॉपमध्ये दोन खोटी छपरं बांधलीत, एक पत्र्याचं उतरतं आणि एक सपाट स्लॅबचं, दोन्ही कमरेएवढ्या उंचीवर, म्हणजे पडलात तरी सहसा हाड मोडत नाही. त्यावर रेल, म्हणजे पॅनल बसवायच्या पट्ट्या, टाकायची, पॅनल धरून ठेवणारे मिड क्लॅम्प, एंड क्लॅम्प लावायचे, पॅनल चढवायचे, अर्थिंग करायचं, मग सगळं उतरवायचं आणि दुसऱ्या ग्रुपने परत चढवायचं. पॅनल हल्ली साडेपाचशे वॅटच्या आसपासचे येतात, सव्वादोन मीटर लांब, एक मीटरपेक्षा जास्त रुंद आणि वजन पंचवीस किलोच्या वर. एकट्याने उचलायचा नाही हे पहिल्याच तासाला सांगतात, पण का ते कळतं वारा सुटल्यावर, शिडासारखा फुगतो हो तो हातात. सर वारा वाढला की काम बंद करायला लावायचे, मुलं कुरकुर करायची, त्यांनी कधी ऐकलं नाही.

या सरांबद्दल दोन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. एक, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, नट आवळून झाला की मार्करने नट आणि बोल्ट दोन्हीवरून एक सरळ रेघ मारायला लावतात. पुढे कधी नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, लांबूनच कळतं, रेंच लावून बघायला नको. दुसरी म्हणजे कनेक्टर. केबलला पिन क्रिम्प केली, म्हणजे दाबून घट्ट बसवली, की आधी ओढून बघायची, मग कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात सारायची, टक् असा आवाज आला पाहिजे, मग परत ओढून बघायची. आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडायचे नाहीत म्हणजे नाहीत. दिसायला बसतात, पण आतला कॉन्टॅक्ट नीट बसेल याची खात्री नसते, मग तिथे गरम होतं, प्लास्टिक वितळतं, आणि छपरावरच्या आगींमध्ये हे एक ओळखीचं कारण आहे. सरांनी असा एक जळका कनेक्टर ठेवलाय टेबलाच्या खणात, काळा ठिक्कर, प्रत्येक बॅचच्या हातात देतात. पीपीटीच्या शंभर स्लाइड एकीकडे आणि तो जळका तुकडा एकीकडे.

डीसीची, म्हणजे पॅनलमधून येणाऱ्या एकाच दिशेच्या विजेची, भीती पण त्यांनीच नीट घातली, आणि ती घालायलाच हवी. घरातली एसी वीज पन्नास हर्ट्झची असेल तर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना ठिणगी पडली तरी ती विझायला वाव मिळतो. डीसीला असा शून्य येतच नाही. आठ दहा पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले की चार पाचशे व्होल्ट सहज होतात, आणि लोड चालू असताना कुणी भसकन कनेक्टर ओढला तर जो आर्क, म्हणजे ठिणगीची सलग ज्योत, लागतो तो लागूनच राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅनल बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर त्याच्या वायरीत व्होल्टेज आहे, मेन स्विच पाडा नाहीतर इन्व्हर्टर, म्हणजे डीसीची एसी करणारी पेटी, काढून घरी न्या. घरच्या वायरिंगचं काम वर्षानुवर्षं केलेले दोन जण आमच्या बॅचला होते, त्यांनाच हे पचायला सगळ्यात जड गेलं, कारण त्यांच्या हाताला सवय मेन पाडला की निर्धास्त व्हायची.

थिअरीला तीन का दिले तर, शिकवलेलं चूक नाही, पण इंग्लिश पीपीटी वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. पॅनलच्या मागच्या लेबलवरचा आकडा ज्या कंडिशनला मोजलेला असतो, म्हणजे दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ डिग्री, तशी कंडिशन खऱ्या छपरावर जवळपास कधीच नसते, हे एका वाक्यात उरकलं. खरं तर पुढची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात! भर उन्हात सेल साठ पासष्ट डिग्रीपर्यंत तापतो, आणि दर डिग्रीला ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घसरते, म्हणजे साडेपाचशेचा पॅनल भर दुपारी साडेपाचशे देत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं फसवलं. उलट थंडीत सकाळी व्होल्टेज वाढतं, लेबलवर लिहिलंय त्याच्याही वर जातं, म्हणून स्ट्रिंगमध्ये, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या एका माळेत, किती पॅनल घालायचे हे तिथल्या सगळ्यात थंड सकाळवरून ठरवायचं असतं, नाहीतर इन्व्हर्टरची मर्यादा ओलांडली जाते आणि तो उडू शकतो. हे मला कोर्समध्ये कुणी समजेल असं सांगितलं नाही, नंतर कामावर एका म्हाताऱ्या फोरमनने सिमेंटच्या गोणीवर आकडेमोड करून दाखवली तेव्हा डोक्यात शिरलं.

बेअरफूटवाले जर अक्षरओळख नसलेल्या बायकांना सर्किट बोर्ड जोडायला शिकवू शकतात तर पीपीटी मराठीत, हिंदीत, ज्या त्या भाषेत करणं अवघड आहे असं मला कुणी सांगू नये.

आता सेफ्टीचं सामान. हार्नेस होते, दोर होता, हेल्मेट होती, कागदावर सगळं होतं. पण हार्नेस सगळे एकाच मापाचे, आणि ते माप धिप्पाड पुरुषाचं. मी आणि अजून तीन जणी, आमच्या अंगावर ते पट्टे पूर्ण आवळूनही खांद्यावरून घसरायचे. फुल बॉडी हार्नेसचं कसं असतं की पडल्यावर झटका मांड्यांच्या, छातीच्या पट्ट्यांवर वाटला जायला हवा, पट्टा सैल असेल तर माणूस त्यातून निसटू शकतो किंवा पट्टा नको तिथे बसतो. मी तक्रार केली तर उत्तर आलं, कमरेएवढ्या छपरावर काय होणारे. अहो पण सवय कसली लागतेय? सैल हार्नेस घालून काम करायची! हातमोज्यांचंही तेच, माझ्या बोटांपुढे मोज्याचं बोट लोंबायचं, अशाने एमसीफोरची, म्हणजे त्या पॅनलच्या कनेक्टरची, पिन कशी धरायची. शेवटी मोजे काढूनच क्रिम्पिंग केलं सगळ्या जणींनी. आंतरराष्ट्रीय अपारंपरिक ऊर्जा संस्था म्हणजे आयरेना, त्यांच्या पाहणीत सोलर पीव्हीमध्ये, म्हणजे पॅनलने वीज करायच्या धंद्यात, काम करणाऱ्यांत बायका ४० टक्के निघाल्या होत्या, हा आकडा आमच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात होता. त्यातल्या बऱ्याचशा ऑफिसातल्या कामात आहेत हे मात्र छापलेलं नव्हतं. छपरावर बायका हव्या असतील तर आधी त्यांच्या मापाचे पट्टे आणा.

बरं, आता ज्याच्यासाठी हा कोर्स खरंच करावा त्या भागाकडे येते. शेवटी शेवटी फॉल्ट फाइंडिंग नावाचा एक छोटा भाग आहे, टाइमटेबलात त्याला इतकी कमी जागा आहे की एक सुट्टी आली असती तर तो गाळलाच गेला असता. सर मुद्दाम बिघाड करून ठेवायचे आणि हातात मल्टिमीटर देऊन बाजूला बसायचे, एक शब्द बोलायचे नाहीत.

पहिलाच बिघाड असा होता. आठ आठ पॅनलच्या दोन स्ट्रिंग, सगळे पॅनल एकाच जातीचे. एक स्ट्रिंग ३६८ व्होल्ट दाखवतेय, शेजारची ३५३. कोण म्हणे केबल लूज, कोण म्हणे धूळ. केबल सुटली असती तर सिरीजमध्ये व्होल्टेज शून्य झालं असतं, आणि धुळीने करंट पडतो, उघड्या सर्किटचं व्होल्टेज एवढं हलत नाही. मग सरांनी फक्त विचारलं, एका पॅनलचे किती? ३६८ भागिले ८, म्हणजे ४६. आणि कमी किती पडतायत? १५. म्हणजे एका पॅनलचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पॅनलच्या मागच्या डबीत बहुतेक वेळा तीन बायपास डायोड असतात, एकेक डायोड एकेक तृतीयांश सेल सांभाळतो, सावली पडली तर करंट त्या भागाला वळसा घालून जावा म्हणून. त्यातला एक डायोड शॉर्ट झालाय म्हणून तेवढा भाग मोजणीतूनच गेला. वीज जवळपास पडली की असले डायोड जातात. पॅनल बाहेरून चकचकीत, काच फुटलेली नाही, काही नाही, आणि नुसत्या भागाकाराने चोर सापडला. त्या वेळी बॅचमधला एक जण, गणितात कायम नापास झालेला, मोठ्याने "आयला" म्हणाला, आणि नंतर प्रत्येक बिघाडाला तोच सगळ्यात पुढे.

दुसरा त्याहून भारी. दहा पॅनलची स्ट्रिंग, इन्व्हर्टरपासून सोडवलेली, टोकाटोकाला ४०० व्होल्ट. इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट दाखवतोय, म्हणजे कुठेतरी वायर सोलवटून फ्रेमला किंवा पाइपाला टेकलीय. आता दहा पॅनल, त्यामागची सगळी केबल, शोधणार कुठे? तर प्लस ते अर्थ (अर्थिंगची वायर) मोजायचं, मायनस ते अर्थ मोजायचं. प्लसकडून १२० आले, मायनसकडून २८०. पॅनल चाळीस चाळीस व्होल्टचे. १२० म्हणजे तीन पॅनल. बिघाड प्लसच्या टोकाकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधे. थेट तिथे गेलो, पॅनल उचलला, रेलच्या धारदार कडेवर केबल घासून आतलं तांबं दिसत होतं. हे असले बिघाड पुष्कळदा सकाळी दंव असताना येतात आणि दुपारी सगळं वाळलं की आपोआप गायब होतात, मग गिऱ्हाईक वैतागतं आणि कंपनीचा माणूस येऊन "आता तर चालू आहे" म्हणून निघून जातो. ज्याला ही युक्ती माहितीय तो सकाळी येतो.

माझं म्हणणं असं की हाच कोर्स आहे, बाकी सगळी तयारी. पॅनल चढवायला दोन धडधाकट माणसं आणि एक शहाणा फोरमन पुरतो, ते काम आठवड्याभरात हाताला लागतं, आणि म्हणूनच त्याला भाव नाही, ठेकेदाराला उद्या दुसरे मिळतात. बिघाड शोधणारा माणूस मिळत नाही. आणि हे कुठे लागतं तर जिथे हे कोर्स चालतात तिथेच सगळ्यात जास्त. गरीब वस्तीत, आडगावात आजवर जे काही देणगीतून, योजनेतून सोलर आलं, शाळेच्या छपरावर, दवाखान्यात, रस्त्यावरच्या दिव्यांवर, त्यातलं किती बंद पडलंय ते नुसतं मान वर करून बघा. पॅनलला कंपनी पंचवीस वर्षांची हमी देते, पण लेड अॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत मान टाकते, तीसुद्धा नीट सांभाळली तर. पाणी न घातल्यामुळे, रोज तळापर्यंत उतरवल्यामुळे त्याच्याही आधी. मग दिवा बंद, पॅनल वर धडधाकट, आणि लोक म्हणतात सोलर काही खरं नाही. हायड्रोमीटरने सेलचं पाणी तपासणारा, डिस्टिल्ड वॉटर घालणारा, कुठला सेल मेलाय ते सांगणारा एक माणूस जवळपास असता तर निम्म्या जागी दिवे चालू असते. तिलोनियाच्या बायकांना गावात परत पाठवतात ते यासाठीच, बसवून झाल्यावर सांभाळायला. आमच्या कोर्समध्ये बॅटरी एका दुपारात संपवली, लिथियमवाली तर फक्त फोटोत दाखवली.

आणि एक प्रश्न गिऱ्हाईक शंभर टक्के विचारतं त्याचं उत्तर प्रत्येकाला पाठ पाहिजे, की वर एवढे पॅनल असूनही लाइट गेली की घरातलं पण का जातं. कारण ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेल्याबरोबर मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपरावरची वीज लागेल. बॅटरीवाली, हायब्रिड सिस्टिम असेल तरच घर चालू राहतं. विकणारा हे सांगत नाही, बोलणी टेक्निशियन खातो.

प्लेसमेंट. इथे तोंडाला पानं पुसलीत. अॅडमिशनच्या वेळी काउन्सेलर बाईंनी जगभरातल्या नोकऱ्यांचा आकडा दाखवला, आयरेनाचाच, २०२३ मध्ये सोलर पीव्हीमध्ये सत्तर लाखांवर माणसं कामाला. आकडा खोटा नाही. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये आहेत, आणि तिकडच्या कितीतरी कारखान्यांतल्या, त्याचा आमच्या बॅचला काय उपयोग? प्रत्यक्षात प्लेसमेंट म्हणजे एका ठेकेदाराचा नंबर. त्याला फोन केला तर हेल्परचं काम, तेही ऑर्डर असेल तेव्हा, रोजावर. संस्थेच्या वहीत मात्र "नोकरी लागली" अशी नोंद, आणि तीन महिन्यांनी फोन करून तुम्ही अजून आहात का हे विचारायची पद्धत नाही. ज्या संस्थांना अनुदान बॅच संपल्यावर मिळतं त्यांचं घोडं सर्टिफिकेटपाशीच थांबणार, यात नवल काय.

यात सगळा दोष संस्थेचाही नाही, तेही लिहिते. हा धंदाच सरकारी धोरणावर झोके घेतो. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ मध्ये ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला नव्या घरांसाठी एकदम खाली आणला, तर छपरावरच्या सोलरची मागणी कोसळली आणि बसवणाऱ्या कंपन्यांनी माणसं काढली. अमेरिकेच्याच केंद्र सरकारने २०२४ मध्ये गरिबांच्या घरी सोलर पोचवायच्या योजनेखाली, सोलर फॉर ऑल नावाची, सात अब्ज डॉलरची अनुदानं जाहीर केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या सरकारने ती रद्द केल्याचं सांगितलं. म्हणजे आज ज्या भरवशावर बॅच भरतेय ती योजना तुमचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत असेलच असं नाही. पण बसवलेले पॅनल कुठे जात नाहीत. नवीन बसणं थांबलं तरी जुने बिघडायचे थांबत नाहीत, आणि म्हणून मी परत परत दुरुस्तीवर येतेय.

त्याच कॅलिफोर्नियात एक गोष्ट मात्र डोकं लावून केली होती. गरिबांच्या घरांसाठीच्या सोलर योजनेत अटच अशी, की काम करणाऱ्या कंपनीने शिकाऊ माणसाला पगार देऊन त्या कामावर घ्यायचं. म्हणजे पहिली नोकरी योजनेच्या आतच. आपलं सर्टिफिकेट घेऊन दारोदार फिरायची गरज निदान पहिल्या वेळी तरी नाही. नाहीतर सगळीकडे तेच, अनुभव आणा मग काम देतो, आणि काम दिल्याशिवाय अनुभव कुठून आणू.

गळतीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आमची बॅच सुरुवातीला भरगच्च होती, शेवटी खुर्च्या रिकाम्या. सोडून गेलेल्यांपैकी एकालाही अभ्यास जड गेला म्हणून गेला असं म्हणता येणार नाही. कोर्स फुकट असला तरी दिवस फुकट नसतो. रोज कमावून खाणाऱ्याची रोजची कमाई बुडते, प्रवासाचा खर्च स्वतःचा, लहान मूल असेल तर त्याला कुणाकडे ठेवायचं. प्रवासभत्ता देऊ म्हणाले होते, तो आला कोर्स संपल्यानंतर, ज्याला तो लागत होता तो तोपर्यंत सोडून गेलेला. माझ्या मते दोन पॅनल कमी घ्या वर्कशॉपमध्ये पण भत्ता आठवड्याला द्या, निम्मी गळती थांबेल. बॅच संध्याकाळची ठेवली तर अजून थांबेल, फक्त मग ऊन नाही आणि ऊन नसेल तर मोजणार काय, ही अडचण खरीच आहे, तर निदान थिअरी तरी संध्याकाळी घ्या.

परीक्षा ऑनलाइन होती, त्याबद्दल थोडक्यात. ज्यांचा आयुष्यात ईमेल नव्हता त्यांना ईमेल काढून पासवर्ड विसरल्यावर काय करायचं यातच सकाळ गेली. प्रश्न ठीक होते, भाषांतर मशीनने केलेलं वाटत होतं. प्रॅक्टिकलचे मार्क बाहेरून आलेल्या परीक्षकाने दिले, माणूस चांगला होता, पण मेगर हातात न देता मेगर म्हणजे काय ते तोंडी विचारलं. अहो द्या की हातात, इन्सुलेशन मोजून दाखवते.

तर तुम्ही जाणार असाल तर अॅडमिशनच्या टेबलावर लाजू नका, विचारा. खऱ्या घरावरचं, खऱ्या गिऱ्हाइकाचं एक तरी काम कोर्समध्ये आहे का. मागच्या बॅचमधल्या दोघा तिघांशी बोलणं करून देता का, आणि ते सहा महिन्यांनंतरही याच कामात आहेत का. भत्ता कधी देता. फॉल्ट फाइंडिंगला किती तास, बॅटरीला किती. बायकांच्या मापाचा हार्नेस आहे का, दाखवा. पहिल्या प्रश्नालाच हो नाही चालू झालं तर दुसरीकडे बघा, पर्याय असेल तर. पर्याय नसेल तर हाच करा आणि पहिल्या दिवसापासून सरांच्या मागे लागा, बिघाड घालून द्या म्हणावं. आमच्या सरांना कुणीतरी विचारलेलं आवडायचं, वेळ संपली तरी थांबायचे, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहायचा तरी.

स्वतःचा मल्टिमीटर घ्या, जमेल तेव्हा, आणि घेताना तो आणि त्याचे प्रोब १००० व्होल्ट डीसीला चालणारे आहेत का ते बघूनच घ्या. स्वस्तातले सहाशेला संपतात, आणि लेबलवर १००० लिहिलेलं असलं तरी प्रोबवर वेगळंच लिहिलेलं असतं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर नंतर घेतला तरी चालेल, काही क्लॅम्प फक्त एसी मोजतात, दुकानदार सांगत नाही. ज्यांना उंचीची खरंच भीती वाटते त्यांनी नाव घालू नका असं माहितीपत्रकात लिहिलंय, ते मनावर घेऊ नका. जमिनीवर बसवलेले प्लँट असतात, सोलर पंप असतात, इन्व्हर्टर दुरुस्तीचं टेबल असतं, आमच्या बॅचमधली एक जण एकदाही खऱ्या छपरावर न चढता आज पंपांचे कंट्रोलर दुरुस्त करते आणि आमच्यापैकी सगळ्यात नियमित काम तिलाच आहे.